फुटलेली इमेज आणि कृष्णाकाठची दप्तरं

बॅकअप हा विषय आमच्या धंद्यात कुणालाच आवडत नाही. सगळं नीट चाललेलं असतं तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि बघायची वेळ येते तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. गेली काही वर्षं माझं पोट बऱ्यापैकी याच कामावर चाललंय (सर्व्हर, स्टोरेज, रिस्टोअर वगैरे वगैरे). वीकांताचा माझा दुसरा नाद म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाची जुनी साधनं वाचणं. राजवाड्यांचे खंड, खरेशास्त्र्यांचे लेखसंग्रह, जे हाताला लागेल ते. ही दोन्ही खुळं एकाच डोक्यात राहायला लागली की कधीतरी एकमेकांशी बोलायला लागणारच. आजचा लेख त्या गप्पांचा.

तर विषय असा: बॅकअपची इमेज खराब झाली तर तिच्यातल्या फायली परत कशा काढतात, आणि नेमकं हेच काम सव्वाशे वर्षांपूर्वी वाई, सातारा आणि मिरजेत कागदांवर कसं झालं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रिकव्हरी चांगली झाली की नाही हे किती फायली मिळाल्या एवढ्यावरून मी ठरवत नाही. कुठली जागा वाचता आली नाही याची नोंद किती प्रामाणिकपणे ठेवलीय ते आधी बघतो. इतिहास वाचतानाही हीच फूटपट्टी कामाला येते, असं माझं मत होत चाललंय.

आधी इमेज म्हणजे काय ते बघू. डिस्क इमेज म्हणजे साध्या भाषेत अख्ख्या डिस्कची नक्कल. फायली एकेक करून उचलण्याऐवजी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फायलीत उतरवून ठेवायचं. सेक्टर म्हणजे ५१२ बाइटचा तुकडा (नव्या डिस्कवर ४०९६ चा). या नकलेत फायली तर असतातच, शिवाय कुठली फाइल कुठल्या सेक्टरांत पसरलीय याची यादीही असते. पुस्तकाला अनुक्रमणिका असते तशी. अनुक्रमणिका फाटली म्हणून पुस्तक नाहीसं होत नाही, पण कुठलं प्रकरण कुठल्या पानावर हे सांगणारं कुणी उरत नाही. संगणक अशा वेळी निरागसपणे विचारतो, 'डिस्क फॉरमॅट करायची का?' तिथे 'हो' म्हणू नका. एवढं एक लक्षात ठेवलंत तर बाकीचा लेख नाही वाचलात तरी चालेल. :)

अशी डिस्क किंवा इमेज हातात आली की दोन नियम. पहिला, मूळ वस्तूवर काम करायचं नाही. आधी तिची प्रत करायची आणि काय प्रयोग करायचे ते प्रतीवर. दुसरा, जे सहज वाचता येतंय ते आधी वाचून घ्यायचं; अडलेल्या जागी डोकं आपटत बसायचं नाही, कारण तेवढ्यात उरलेली डिस्कही मान टाकते. 'जीएनयू डीडीरेस्क्यू' नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे, आंतोनियो दियास दियास या माणसाने लिहिलेलं. ते अगदी असंच वागतं. पहिल्या फेरीत धडधाकट भाग उचलतं, खराब भागावरून उडी मारतं, आणि मग पुढच्या फेऱ्यांत मागे येऊन खराब भागाच्या कडा थोड्या थोड्या कुरतडत राहतं. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्याची मॅपफाइल. अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंत अधिक चिन्ह, म्हणजे मिळालं. पुढच्या तुकड्यापुढे उणे चिन्ह, म्हणजे प्रयत्न केला, नाही मिळालं. न मिळालेल्या जागी इमेजमध्ये शून्यं राहतात. तिथे काय असावं याचा अंदाज हे साधन कधीच बांधत नाही.

आता जरा मागे जाऊ. मराठी राज्याचं मध्यवर्ती दप्तर शिवाजी महाराजांच्या काळात रायगडावर होतं. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हातात पडला आणि दप्तर त्या धामधुमीत जळालं, असं परंपरेने सांगतात. कसं गेलं त्याचा तपशील बाजूला ठेवू. आज 'रायगडचं दप्तर' म्हणून एका जागी दाखवता येईल असं काही नाही, ही गोष्ट खरी. आमच्या भाषेत मुख्य सर्व्हर गेला. पुढे १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, १७०८ मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला, आणि सातारा राजधानी झाली. म्हणजे नवा सर्व्हर नव्या जागी सुरू झाला, पण जुन्याचा रिस्टोअर झालाच नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि त्यांच्याशेजारी कारभार बघायला जेम्स ग्रँट नावाचा अधिकारी नेमला. (डफ हे आडनाव त्याला पुढे चिकटलं.) जन्म १७८९ चा, म्हणजे साताऱ्याला आला तेव्हा गडी माझ्याच वयाचा, तिशीच्या आतला. चारेक वर्षांत त्याने कारभार सांभाळून जमतील तेवढी मराठी कागदपत्रं गोळा केली, बखरी वाचून घेतल्या, आणि विलायतेला परत जाऊन १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्यातल्या मतांवर पुढे भरपूर टीका झाली. १८६७ मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात त्याच्यावर निबंध वाचला, तिथून सुरुवात झाली. पण मला त्या पुस्तकात खरा रस आहे तो तळटिपांत. आपण वापरलेल्या अमुक अमुक हस्तलिखिताची प्रत मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवली आहे, असं ग्रँट डफ जागोजागी सांगतो. वाचून वाटतं, शाब्बास, बॅकअप घेतला, तोही दुसऱ्या शहरात! पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या पिढीने या प्रती शोधल्या तेव्हा त्या सापडेनात. त्या जाळल्या गेल्या अशी वदंताही उठली. बॅकअप कुठे आहे हे नोंदलेलं, आणि त्या जागी जाऊन बघावं तर काही नाही. ज्यांनी ज्यांनी कधी पाच वर्षं न उघडलेली बॅकअप टेप उघडलीय, त्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको.

मग आपल्याला आज मराठ्यांच्या इतिहासातलं इतकं बारीकसारीक कसं माहीत आहे? कारण अस्सल कागद राजधानीत नव्हतेच फक्त. पत्राचा धर्मच असा की ते लिहिणाऱ्याकडून निघून ज्याला लिहिलं त्याच्या घरी जातं. पेशव्याने सरदाराला लिहिलेलं पत्र सरदाराच्या वाड्यात राहायचं, सरदाराने सावकाराला लिहिलेलं सावकाराच्या पेटीत. आणि देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी यांच्या घरी तर सनदा आणि महजर जिवापाड जपलेले असत, कारण वतनाचा तंटा उभा राहिला की कागद दाखवावा लागे. इतिहासाची सेवा वगैरे कुणाच्या मनात नव्हती, हक्क जाऊ नये एवढाच हिशोब. पण त्या हिशोबापायी राज्यभर शेकडो घरांत तुकड्या-तुकड्यांनी विदा साठत गेला. आम्ही आज एकाच फायलीचे तुकडे चार शहरांतल्या सर्व्हरांवर ठेवतो आणि त्याला भारदस्त नाव देतो. इथे ते आपोआप झालं होतं.

हे तुकडे गोळा करायला पहिल्यांदा झपाटून निघालेला माणूस म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जन्म १८६३ चा. वाईला एका घरी जुनी पत्रं असल्याचा त्यांना सुगावा लागला आणि त्यातून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातली पत्रं, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची. भाऊसाहेबांच्या हट्टापायी सगळं बुडालं हे बखरींनी आणि ग्रँट डफने रुजवलेलं चित्र होतं. ज्या दिवशी जे घडलं त्याच्या आसपास लिहिलेली पत्रं समोर आल्यावर ते तपासून घ्यावं लागलं. राजवाड्यांनी प्रस्तावनेत हे काम केलं, तेही त्यांच्या खास तिखट भाषेत. पुढे असे एकूण बावीस खंड निघाले. माणूस पाठीला वळकटी लावून गावोगाव हिंडायचा. पुष्कळ घरांत कागद रद्दीत गेलेले, काही वाळवीने खाल्लेले, काही पावसात भिजून लगदा झालेले.

थोडं विषयांतर करून परत संगणकाकडे येतो. अनुक्रमणिकाच गेलेल्या इमेजमधून फायली काढण्याच्या पद्धतीला 'कार्व्हिंग' म्हणतात, म्हणजे कोरून काढणं. तत्त्व साधं आहे. प्रत्येक प्रकारच्या फायलीला ठराविक सुरुवात असते. जेपेग फोटो 'एफएफ डी८' या दोन बाइटनी सुरू होतो आणि 'एफएफ डी९' ने संपतो. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते. ती फिल कॅट्झ या झिप बनवणाऱ्या माणसाची आद्याक्षरं. आजची वर्डची फाइलही आतून झिपच असल्यामुळे तिच्याही डोक्यावर हेच 'पीके'. मग 'फोटोरेक'सारखा प्रोग्राम काय करतो? यादीबिदी विसरून पहिल्या सेक्टरपासून चालायला लागतो आणि ओळखीची सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतो. फायलीचं नाव अर्थातच मिळत नाही, कारण नाव यादीत होतं. 'लग्न-अल्बम' ऐवजी नुसता एक सेक्टर क्रमांक नाव म्हणून मिळतो.

आता एखादं मोडी पत्र डोळ्यापुढे आणा. माथ्यावर 'श्री'. मग कुणी कुणाला लिहिलं त्याचा लांबलचक मायना: 'राजश्रिया विराजित', 'स्वामींचे सेवेसी', 'विनंती उपरी येथील कुशल'. शेवटी 'बहुत काय लिहिणे', आणि सरकारी कागद असेल तर 'मोर्तब सूद' किंवा 'मर्यादेयं विराजते'चा शिक्का. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला. रुमालात (दप्तराचं गाठोडं ज्या फडक्यात बांधतात त्याला रुमाल म्हणतात, आणि पुढे गाठोड्यालाच रुमाल म्हणू लागले) शंभर तुकडे एकमेकांत मिसळले असले तरी जाणकार डोळ्याला पत्र कुठे सुरू होतं, कुठे संपतं आणि मधला तुकडा कुणाच्या हाताचा हे कळतं. मायन्यावरून लिहिणारा आणि घेणारा यांची पायरी कळते. आशीर्वाद आहे की विनंती आहे यावरून कोण मोठा कोण लहान ते कळतं. नाव फाटून गेलेलं असलं तरी! पत्राने आपली ओळख आपल्याच अंगावर वागवली म्हणून ते कार्व्ह करता आलं.

पण एक गोष्ट बहुतेक पत्रांत नसायची: वर्ष. अठराव्या शतकातल्या मराठी पत्रावर साधारणपणे मुसलमानी महिना आणि चंद्र एवढंच असतं. 'छ १० जमादिलाखर', संपलं. घेणाऱ्याला कुठलं वर्ष चालू आहे हे माहीत होतं, लिहायची गरज काय? फायली मिळाल्या पण सगळ्यांवरची तारीख पुसलेली, अशी ही अवस्था.

इथे मिरजेचे वासुदेव वामन खरे येतात. जन्म १८५८, गुहागरचा. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे, नाटकंही लिहायचे. मिरजेत त्यांना पटवर्धन सरदारांच्या दप्तराचं घबाड सापडलं. मिरज, सांगली, तासगाव, जमखिंडी, कुरुंदवाड अशा शाखांचं हे घराणं. हैदर, टिपू, निजाम, सगळ्या मोहिमांत पुढे. मोहिमेवरचा कारकून घरी रोजच्या रोज कळवणार आणि घरचे ती पत्रं ठेवून देणार. शाळामास्तराच्या पगारावर संसार करून खरेशास्त्र्यांनी १८९७ मध्ये 'ऐतिहासिक लेखसंग्रह' मासिकरूपाने सुरू केला. १८९७ म्हणजे प्लेगचं साल. १९२४ मध्ये मिरजेतच त्यांचं निधन झालं तोवर हे काम चालूच होतं, आणि शेवटचे खंड त्यांच्या मागे मुलाने काढले. सगळे मिळून पंधरा. पत्रं कालक्रमाने लावलेली आणि मधे मधे त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत. त्यामुळे ते नुसतं गाठोडं न राहता सलग वाचता येतं.

कालक्रमाने लावलेली, असं मी सहज लिहून गेलो, पण वर्षच नसलेली पत्रं कालक्रमाने लावायची कशी? यामागचं गणित मला फार आवडतं. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे आपल्या ऋतूंच्या मानाने दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकणारं. समजा पत्रावर 'छ १० जमादिलाखर' आहे आणि आत संक्रांतीचे तीळ पाठवल्याचा उल्लेख आहे. पानिपतची लढाई झाली त्या १७६१ च्या जानेवारीत जमादिलाखर महिना नुकताच लागला होता. म्हणजे हे पत्र १७६१ किंवा त्याच्या मागेपुढे एखाद्या वर्षाचं. नाहीतर मग सरळ बत्तीस-तेहेतीस वर्षं मागचं किंवा पुढचं, कारण सगळं चक्र फिरून महिना परत त्याच ऋतूत यायला तेवढा काळ लागतो. पत्रात 'राजश्री भाऊसाहेब' हिंडताफिरता दिसतोय? मग १७९३ बाद. वार दिलाय? मग उरलेल्या तीन वर्षांतलं एक नक्की. हे ताडून बघायला जंत्री लागते, म्हणजे शके, हिजरी, इसवी सगळ्या तारखा समोरासमोर मांडलेला कोठा. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री संशोधकांच्या हाताशी असायची. आम्ही याला लुकअप टेबल म्हणतो. गंमत म्हणजे आजच्या फोटोंचंही असंच असतं. फायलीचं नाव आणि डिस्कवरची तारीख गेली तरी फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख असते, आणि कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आणि आकाशकंदिलाकडे बघून वर्ष ठरवावं लागतं.

इथवर सगळं हुशारीचं काम झालं. आता मोहाचं.

इमेजमध्ये मधेच भोक असलं की माणसाला ते बुजवावंसं वाटतं. इतिहासात हे बुजवण्याचं काम बखरींनी केलं. साताऱ्यालाच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मल्हार रामराव चिटणीसांनी शिवाजी महाराजांची बखर लिहिली. घराणं बाळाजी आवजींचं, म्हणजे खुद्द महाराजांच्या चिटणिसांचं. पुढ्यात काही कागद, बाकी घरात चालत आलेल्या आठवणी. मधे सव्वाशे-दीडशे वर्षं गेलेली. चिटणीसांनी काही खोटेपणा केला असं मला म्हणायचं नाही. पण कागदावरून काय आणि आठवणीवरून काय हे बखर वेगळं करून सांगत नाही. सगळं एकाच सुरात, एकसारखं ठाम. मॅपफाइलच नाही! त्या बखरीत महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे १६२७ चा. ग्रँट डफनेही १६२७ च धरला. आणि तिथून तो शाळेच्या पुस्तकांत गेला.

१९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही नोंदवही: तिथी, घटना, बस्स. ना वर्णन, ना उपमा. तिच्यात जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आता एका वहीवर विश्वास का ठेवायचा? आमच्याकडे दोन प्रती एकच आहेत का हे बघायला चेकसम काढतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या फायलींचा आकडा जुळला की मन शांत होतं. इथेही तेच झालं. तंजावरच्या ग्रंथसंग्रहात कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' मिळालं, ते दिवेकरांनी १९२७ मध्ये छापलं. हा महाराजांच्याच काळातला कवी, आणि त्याची तिथीही तीच. तिकडे जोधपूरला जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली निघाली, तिचाही मेळ १६३० शीच. भोरजवळचं कारी, तंजावर आणि जोधपूर. एकमेकांची नक्कल करायला वावच नाही. वाद पुढेही बरीच वर्षं चालला, पण महाराष्ट्र शासनानेही अखेर १९ फेब्रुवारीच स्वीकारली. तीन वर्षांच्या फरकाने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. तोरणा घेताना महाराज विशीला टेकलेले होते की सतरा-अठरा वर्षांचे होते, एवढं बिघडतं!

साताऱ्याचं आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, दत्तात्रय बळवंत पारसनीस. 'इतिहास संग्रह' मासिक चालवणारे आणि कागद, चित्रं, नकाशे गोळा करण्यात अफाट हातखंडा असलेले. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, तिथलं दप्तर त्यांच्याचमुळे अभ्यासकांपुढे आलं. त्यांच्या संग्रहासाठी १९२५ मध्ये साताऱ्यात वस्तुसंग्रहालय उभं राहिलं, पुढच्याच वर्षी ते वारले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद वाचले, हे मोठंच काम. पण कुठलाही संग्रह मूळ घरातून हलला की एक बारीक गोष्ट सुटू शकते: कुठलं पत्र कुठल्या रुमालात, कुणाच्या शेजारी होतं. फोल्डरची रचना जाणं म्हणा ना. एकटं पत्र काय घडलं ते सांगतं. त्याच्या शेजारचं सांगतं की ते पत्र आल्यावर घरात कुणी काय केलं. खरेशास्त्र्यांचे खंड वाचताना ती साखळी हाताला लागते म्हणून मला ते जास्त जवळचे. (सांगलीकर असल्याने थोडा पक्षपात गृहीत धरा.)

सांगलीकर म्हटलं की पूर आलाच. वाईहून निघालेली कृष्णा सातारा जिल्हा ओलांडून आमच्याकडे येते ती कधी कधी घरातच. २००५, २०१९, २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं. माझ्या एका काकांचं हिशेबनिसाचं ऑफिस तळमजल्यावर. संगणक पाण्यात, आणि बॅकअपची बाहेरची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, म्हणजे तीही पाण्यात. एका जाणकाराने ती साफसूफ करून जेवढी वाचता आली तेवढी इमेज काढून दिली होती, आणि ती कपाटात पडून होती. माझ्या हातात ती बऱ्याच उशिरा आली. प्रतीवर काम सुरू केलं. यादीचा भाग गेलेला, तेव्हा कार्व्हिंग. फोटो भराभर निघाले, काही अर्धे, खालचा भाग राखाडी. स्कॅन केलेली बिलं निघाली. हिशोबाच्या फायली मात्र तुकड्यातुकड्यांत, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाच्या खात्यातले मधले चार महिने पूर्ण शून्य.

ऑफिसातल्या मुलाने सुचवलं, "काका, आधीच्या-नंतरच्या महिन्यांवरून सरासरी काढून भरून टाकू की. कोण बघतंय?" तो काही लबाड मुलगा नाही. भोक दिसलं की बुजवावंसं वाटतं, एवढंच. काका म्हणाले, "भरायला हरकत नाही रे, पण चार वर्षांनी हेच बघून मीच म्हणेन की हा आकडा खरा आहे." त्यांनी त्या चार महिन्यांपुढे 'पुरात नोंद नष्ट, उपलब्ध नाही' असं लिहायला लावलं, गिऱ्हाइकाला फोन करून त्याच्याकडच्या पावत्या मागवल्या. दोन महिन्यांच्या मिळाल्या. ते आकडे 'गिऱ्हाइकाच्या प्रतीवरून' अशा शेऱ्यासकट चढले. उरलेले दोन महिने अजून कोरे आहेत. राजवाडे-खरे मंडळींचे खंड उघडलेत तर फाटलेल्या मजकुराच्या जागी अशीच टिंबं टिंबं दिसतील. पूर्वी मला ती टिंबं वाचताना अडखळायला व्हायचं. हल्ली ती दिसली की पुढच्या-मागच्या मजकुरावर विश्वास बसतो.

हे काम संपलेलं नाही बरं का. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारोंनी रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० च्या सुमारास त्यातून निवडून ४५ खंड काढले, पण ती निवडच होती. बराचसा ढीग मोडीत आहे, आणि मोडी वाचणारे आता मोजके. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. फाइल शाबूत आहे पण उघडणारा प्रोग्रामच मिळत नाही, अशी गत. मोडीचे वर्ग मात्र निघत असतात आणि लिपी वाटते तेवढी अवघड नाही. रोज तासभर दिलात तर दोनेक महिन्यांत साधं पत्र लागायला लागतं, स्वानुभव.

आणि गावाकडे माळ्यावर, देवघराच्या फडताळात, जुन्या ट्रंकेत असा एखादा रुमाल निघाला तर काय करायचं, ते वर येऊन गेलंय तेच. आधी आहे तसा फोटो काढा, गाठ सोडण्याआधी एक आणि सोडल्यावर प्रत्येक कागदाचा क्रमाने. क्रम बदलू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. कुणाच्या घरात, कुठे, केव्हा मिळाला हे एका वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. फोटोंची एक प्रत घरी ठेवा आणि दुसरी अशा गावी, जिथे त्याच दिवशी तेच पाणी चढणार नाही. आणि सहा महिन्यांनी ती दुसरी प्रत एकदा उघडून बघा.